दुसरा डाव : प्रौढ प्रेमाच्या कथा आणि त्यांचे वाचक

१.

माझी आजी पाटाची होती. आमच्या घरात हे वाक्य मोठ्याने बोलले जात नसे. आजी स्वतः मात्र ते सहज बोलायची. तिचा पहिला नवरा पटकीच्या साथीत गेला. पदरात मूल नव्हते. दोन वर्षांनी माझ्या आजोबांशी तिचा पाट लागला. आजोबांचीही पहिली बायको बाळंतपणात गेलेली होती. निजामाच्या राज्यातले, उदगीर तालुक्यातले एक खेडे. साल तिला सांगता येत नसे. पाट अंधाऱ्या पंधरवड्यात, रात्री, वाजंत्रीशिवाय लागला. सवाष्णी जवळ नव्हत्या. उजाडेपर्यंत नव्या जोडप्याचे तोंड कोणी पाहायचे नाही, असा रिवाज होता. "तोंड झाकून आले, पण नांदले," असे ती म्हणायची. दोघांनी चाळीसेक वर्षे संसार केला. माझे वडील त्या पाटाचे.

त्याच घरात १९८६ साली माझी थोरली बहीण, अक्का, तेविसाव्या वर्षी विधवा होऊन परत आली. सोबत तीन वर्षांचा मुलगा. १९८८ साली शेजारच्या तालुक्यातल्या एका विधुर शिक्षकाकडून तिच्यासाठी विचारणा झाली. बैठकीत वडिलांनी एका वाक्यात उत्तर दिले : "आपल्यात आता असं करत नाहीत." आजी दाराआडून काहीतरी म्हणाली, ते कोणी मनावर घेतले नाही. मी वीस वर्षांचा होतो, कॉलेजात जात होतो, बैठकीच्या कोपऱ्यात बसलो होतो. मी काही बोललो नाही.

त्यानंतर अक्का कादंबऱ्या वाचू लागली. वाचनालयात जाऊन पुस्तक बदलून आणण्याचे काम माझ्याकडे आले. शैलजा राजे, कुसुम अभ्यंकर, योगिनी जोगळेकर, सुमती क्षेत्रमाडे, ज्योत्स्ना देवधर, चंद्रकांत काकोडकर ही नावे मला पाठ झाली ती त्या सायकलफेऱ्यांतून. मी स्वतः तेव्हा नेमाडे वाचत होतो आणि अक्काची पुस्तके कॅरिअरला लावताना कव्हर खाली करून लावत होतो. तिची एक खास मागणी असे : "मोडलेलं पुन्हा जुळतंय असं काही हाय का, बघ." कोवळ्या पोरापोरींच्या प्रेमकथा ती दोन दिवसांत परत करायची. मोडलेले जुळणारी कादंबरी मात्र मुदत संपून दंड बसेपर्यंत घरात राहायची.

पुढे बी. कॉम. अर्धवट सोडून मी बियाणे-खताचे दुकान चालवले आणि दुकानाच्या रिकाम्या महिन्यांत वाचत, टिपणे काढत राहिलो. साहित्याचे रीतसर शिक्षण मला नाही. पण गेली काही वर्षे एक प्रश्न मला सोडत नाही. आयुष्य एकदा मोडलेल्या, वयाने आणि मनाने प्रौढ अशा दोन माणसांच्या जुळण्याची गोष्ट वाचकाला इतकी का ओढते? अक्का त्या पुस्तकांत काय शोधत होती? प्रस्तुत लेख हा त्या प्रश्नाचा पाठलाग आहे.

२.

इंग्रजी पुस्तकांच्या बाजारात अशा कादंबऱ्यांचा स्वतंत्र कप्पाच आहे. तिकडे त्याला 'सेकंड चान्स रोमान्स' म्हणतात. मराठीत या प्रकाराला नाव नाही, म्हणून या लेखापुरते मी त्याला 'दुसरा डाव' म्हणतो. त्याचे दोन पोटप्रकार दिसतात. एकात, पूर्वी तुटलेली तीच दोन माणसे पुन्हा समोरासमोर येतात. दुसऱ्यात, दोन वेगवेगळ्या संसारांतून बाहेर पडलेली किंवा मागे उरलेली माणसे एकत्र येतात. दोन्हींत एक गोष्ट सारखी : नायक-नायिकेला मागचे काहीतरी माहीत असते. पहिल्या प्रेमाच्या कथेत पात्रांना जगाची ओळख व्हायची असते. इथे ती होऊन गेलेली असते आणि तिचा हिशेब बाकी असतो.

या प्रकाराचा इंग्रजीतला मूळपुरुष म्हणून जेन ऑस्टिनच्या 'पर्सुएशन'कडे बोट दाखवतात. ऑस्टिनच्या मृत्यूनंतर १८१७च्या अखेरीस ती प्रसिद्ध झाली. नायिका अॅन एलियट सत्तावीस वर्षांची आहे. आठ वर्षांपूर्वी वडीलधाऱ्या हितचिंतक बाईच्या सल्ल्यावरून तिने एका तरुण नौदल अधिकाऱ्याशी ठरलेले लग्न मोडले. आता तो पैसा आणि नाव मिळवून परत आला आहे. लोकांना आठवते ते त्याचे शेवटचे पत्र. मला मात्र त्या पत्रानंतरचे संभाषण अधिक महत्त्वाचे वाटते. तो तिला विचारतो, की दोन वर्षांनी थोडे पैसे हाती आल्यावर मी तुला लिहिले असते, तर तू होकार दिला असतास का? ती दिला असता असे सांगते. मग तो कबूल करतो, की माझा गर्व आड आला, मी विचारलेच नाही. सहा वर्षांचा विरह आणि दुःख वाचले असते.

सबंध कादंबरीभर दोष अॅनच्या दुबळेपणाकडे, तिला सल्ला देणाऱ्या बाईकडे जात असतो. शेवटी नायक तो स्वतःकडे घेतो. माझ्या मते दुसऱ्या डावाच्या कथेचा कळस लग्नात नसून या कबुलीत असतो. 'मी विचारलं नाही' असे कोणीतरी म्हणावे, यासाठी वाचक तीनशे पाने थांबलेला असतो.

३.

ही कसोटी हाती घेऊन आपल्याकडे पाहिले, तर आपली परंपरा फार जुनी निघते. दुष्यंत-शकुंतला ही दुसऱ्या डावाचीच कथा आहे. महाभारतात दुष्यंताला सगळे आठवत असते. भर सभेत तो जाणूनबुजून शकुंतलेला नाकारतो आणि आकाशवाणी झाल्यावर म्हणतो, की मला ठाऊक होते, पण नुसत्या तुझ्या शब्दावर स्वीकारले असते तर लोकांनी संशय घेतला असता. कालिदासाने इथे दुर्वासाचा शाप आणला. शापामुळे राजाची स्मृती गेली, अंगठी सापडल्यावर परत आली. सातव्या अंकात तो शकुंतलेच्या पाया पडतो खरा, पण थोड्याच वेळात मारीच ऋषी शापाची हकीकत सांगतात आणि सगळ्यांचे ओझे उतरते. राजाने केले ते राजाने केलेच नव्हते! नाटक म्हणून ही योजना असामान्य आहे. पण कबुली म्हणून पाहिले, तर शापाने कबुलीची जागा खाऊन टाकली.

भवभूतीने दुसरा रस्ता धरला. त्याचे घराणे विदर्भातल्या पद्मपूरचे, म्हणजे तो तसा आपल्याच मुलखाचा. 'उत्तररामचरिता'त रामाला कोणाचा शाप नाही. लोकापवादाच्या भीतीने त्याने सीतेला स्वतः टाकले आणि ते त्याला पूर्ण ठाऊक आहे. तिसऱ्या अंकात बारा वर्षांनंतर राम जनस्थानात येतो आणि सीता तिथे अदृश्य रूपाने हजर असते. ती त्याला पाहते, ऐकते. त्याला ती दिसत नाही. आपण काय केले हे राम बोलत राहतो आणि जिच्यावर अन्याय झाला तीच ते ऐकत असते. वाल्मीकीची सीता शेवटी धरणीत जाते. भवभूती दोघांना पुन्हा एकत्र आणतो, पण त्याआधी तो सीतेला हे ऐकवतो. दुसऱ्या डावाची कादंबरी वाचणारी बाई नेमकी त्या अदृश्य सीतेच्या जागी बसलेली असते, असे मला वाटते. आयुष्यात जे तिच्या तोंडावर कोणी बोलले नाही, ते तिला आडून ऐकायला मिळते.

मराठी रंगभूमीच्या इतिहासातली एक नोंद इथे सांगण्याजोगी आहे. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'संगीत शाकुंतला'चा पुण्यातला ३१ ऑक्टोबर १८८०चा पहिला प्रयोग फक्त पहिल्या चार अंकांचा होता. प्रेम झाले, गांधर्वविवाह झाला, शकुंतला सासरी निघाली आणि पडदा पडला. सभेतले नाकारणे आणि पुनर्मीलन नंतरच्या प्रयोगांत आले. पाठवणीनंतर बाईचे काय झाले, हे सांगायला मराठी कादंबरीनेही बराच वेळ घेतला.

४.

पहिली मराठी कादंबरी म्हणून जिचे नाव घेतात त्या बाबा पदमनजींच्या 'यमुनापर्यटना'त (१८५७) नायिकेला दुसरा डाव मिळतो. यमुना विधवा होते, ख्रिस्ती धर्म स्वीकारते आणि पुन्हा लग्न करते. विधवाविवाहाचा कायदा त्याच्या आदल्याच वर्षी, १८५६ साली झालेला. म्हणजे सुरुवातीलाच वाट मोकळी होती. तरीही यमुनेचे दुसरे लग्न वाचताना आपण एका मताचा विजय पाहतो. एका माणसाचे दुसऱ्यावरचे प्रेम दिसत नाही. दुसरा नवरा जवळजवळ निनावीच वाटतो. लेखकाला सिद्ध करायचे ते धर्म आणि न्याय.

पुढे हरिभाऊ आपट्यांनी 'करमणूक'मध्ये १८९०पासून 'पण लक्षात कोण घेतो' लिहिली. त्यात यमूला दुसरा डाव नाहीच. तिच्या केशवपनाने कादंबरी आपल्याला हलवून सोडते. तिथून पुढची किती तरी दशके मराठी कादंबरीतली विधवा किंवा परित्यक्ता हा एक 'प्रश्न' राहिली. प्रश्नाला उत्तर असते, सुधारणा असते, निषेध असतो. त्याला लहर नसते, विनोद नसतो, रात्री उशिरा आठवणारी एखादी सवय नसते. विभावरी शिरूरकरांच्या 'हिंदोळ्यावर'ने (१९३४) ही चौकट पहिल्यांदा जोरात हलवली. नवऱ्यापासून वेगळी झालेली शिकलेली अचला दुसऱ्या पुरुषाबरोबर राहू पाहते. रूढीने काडीमोड चालणाऱ्या जाती सोडल्या, तर मुंबई इलाख्यात हिंदू बाईला घटस्फोटाची सोय १९४७च्या कायद्याने झाली. त्याआधी तेरा वर्षे लिहिलेल्या या कादंबरीत अचलेला स्वतःची इच्छा आहे आणि ती इच्छा ती स्वतःपासून लपवत नाही. पण दुसरा डाव तिथेही झोपाळ्यावर, अधांतरीच राहतो.

जयवंत दळवींच्या 'बॅरिस्टर' नाटकात तर (१९७७) तरुण विधवा राधेच्या दारापर्यंत आलेली संधी बॅरिस्टरच्या मनाच्या काळोखात बुडते. ते पाहून प्रेक्षक सुन्न होऊन बाहेर पडतो. दळवींच्या ताकदीबद्दल शंका नाही. मी एवढेच नोंदवतो, की आपल्या श्रेष्ठ साहित्याने दुसऱ्या डावाला बहुधा एक तर सुधारणा म्हणून वागवले किंवा शोकांतिका म्हणून. तो नांदला तर काय होते, हे पाहण्याची उत्सुकता त्याने कमी दाखवली. ती उत्सुकता वाचनालयातल्या पुस्तकांनी भागवली.

५.

पण नांदणारे लोक होते. माझी आजी होती. पाट, मोहतूर ही नावे शेतकरी, कारागीर, बलुतेदार जातींत घरोघरी ठाऊक होती. उदगीरचा बाजार मराठी, कन्नड, उर्दू अशा तीन भाषांत बोलतो. कन्नड बोलणाऱ्यांत विधवेच्या दुसऱ्या लग्नाला 'उडकी' म्हणत, आणि मुसलमान शेजाऱ्यांत 'अक्दे सानी'. तिन्ही भाषांनी या गोष्टीला शब्द दिला होता. 'सोडचिठ्ठी', 'फारकती', 'काडीमोड' हेही आपलेच शब्द. हिंदू विवाह कायदा १९५५ साली आला, तेव्हा रूढीने चालत आलेला काडीमोड त्याने कलम २९मध्ये शाबूत ठेवला.

पाटाचे उगीच गोडवे गाऊ नयेत. लग्नाची आणि पाटाची यांत फरक केला जाई. पाटाच्या बाईला शुभकार्यात मागे उभे राहावे लागे. रात्री, अंधारात, तोंड झाकून लागणाऱ्या त्या विधीत लाज भरलेली होती. पुष्कळदा पाट हा जमिनीचा आणि दोन हातांच्या कामाचा व्यवहार असे. बाईला विचारले जाईच असे नाही. तरी संधी होती, आणि समाजातल्या मोठ्या भागाला ती होती.

मग ही माणसे कादंबरीत का नाहीत? एक कारण उघड आहे. लिहिणारा वर्ग ज्या जातींचा होता, त्यांत विधवेला दुसरे लग्न नव्हते; त्यामुळे तो 'प्रश्न' झाला. ज्यांच्यात तो प्रश्न नव्हता ते लिहीत नव्हते. दुसरे कारण अधिक टोचणारे आहे. ती माणसे जेव्हा शिकून लिहू-वाचू लागली, तेव्हा त्यांनी पाट सोडून दिला. वरच्यांसारखे व्हायचे, तर वरच्यांची बंधनेही घ्यायची. ही प्रक्रिया जुनी आहे. बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्रीपुरुषतुलना' लिहून पुरुषांना जाब विचारला, की बायको मेली तर तुम्ही लगेच दुसरी करता, मग बाईवरच बंदी का? ताराबाई मराठा घरातल्या होत्या, हे ध्यानात घेतले की त्या बंदीचा पसारा कळतो. माझ्या वडिलांच्या वाक्यातला कळीचा शब्द 'आता' हा होता. आपल्यात 'आता' करत नाहीत. पाटाच्या पोटी जन्मलेल्या माणसाने, पक्के घर बांधल्यावर, पोरे कॉलेजात घातल्यावर उच्चारलेला तो 'आता' होता. लोकापवाद ही रामाची अडचण होती. आमच्या घरात ती पक्क्या घराबरोबर आली.

अशा रीतीने अक्काच्या पिढीच्या हाती एक विचित्र वारसा आला. आजीकडे दुसरा डाव होता, पण त्याची गोष्ट नव्हती. नातीकडे गोष्टी होत्या, पण डाव नव्हता.

६.

मराठीत दुसऱ्या डावाची सर्वांत जिवंत गोष्ट मला कादंबरीत सापडली नाही. ती एका आत्मकथनात सापडली. महर्षी धोंडो केशव कर्वे यांची पहिली पत्नी राधाबाई १८९१ साली वारली. मार्च १८९३मध्ये त्यांनी आपले स्नेही नरहरपंत जोशी यांची विधवा बहीण गोदूबाई हिच्याशी लग्न केले. ती पंडिता रमाबाईंच्या शारदासदनात शिकत होती. कर्वे पस्तिशीला आलेले, पहिल्या बायकोचा मुलगा रघुनाथ अकरा वर्षांचा. मुरुडच्या गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्कार टाकला. या गोदूबाई म्हणजे आनंदीबाई, बाया कर्वे. त्यांचे आत्मकथन 'माझे पुराण' या नावाचे.

कर्व्यांचे 'आत्मवृत्त' वाचले, की एका कार्याची कहाणी समजते. 'माझे पुराण' वाचले, की त्या कार्याच्या घरात चूल कशी पेटत होती हे समजते. नवऱ्याने पैसा संस्थेत ओतला आणि संसाराची ओढाताण बायकोने सोसली. बाया हे लपवत नाही आणि त्याने नवऱ्याचा मोठेपणा कमी होतो असेही तिला वाटत नाही. वसंत कानेटकरांना यातूनच 'हिमालयाची सावली' (१९७२) सुचले. प्रौढ प्रेम म्हणजे शांत, समंजस, कधी न भांडणारे प्रेम, असा एक गैरसमज आहे. बायाचे पुराण तो मोडून काढते. तिथे तक्रार आहे, रुसवा आहे, आणि तक्रार करूनही जोडीने पुढे जाणे आहे.

याच घरात पुढे एक लेखिका जन्मली. आनंदीबाईंचे पुत्र दिनकर आणि इरावती कर्वे यांची मुलगी गौरी देशपांडे. 'एकेक पान गळावया'पासून (१९८०) गौरीने जी स्त्री मराठीत आणली ती बहुधा तिशी-चाळिशी ओलांडलेली, एखादे लग्न किंवा एखादे मोठे दुःख मागे टाकून आलेली असते. आजीला जे करायला बहिष्कार सोसावा लागला, ते नातीने बोलीभाषेत, थट्टा करत, कोणाला सिद्ध करून न दाखवता लिहिले. तिच्या पुरुषांबद्दल 'असे पुरुष असतात कुठे?' अशी तक्रार झाली आहे. मला ती तक्रार अर्धीच पटते. ते पुरुष खरे असोत-नसोत, ते बाईला विचारतात आणि उत्तर ऐकायला थांबतात. पुढे मेघना पेठे यांच्या 'नातिचरामि'ने (२००५) घटस्फोटित बाईच्या मनाचा तळ आणखी निर्दयपणे ढवळला. दुर्दैव एवढेच, की अक्काच्या वाचनालयात त्या काळी गौरी देशपांडे यांचे एकही पुस्तक माझ्या हाती लागले नाही. ज्या बाईला त्यांची गरज होती, तिच्यापर्यंत ती पुस्तके निदान इथे तरी पोचली नाहीत.

७.

अक्कापर्यंत पोचली ती दुसरी पुस्तके. अक्का पानांचे कोपरे दुमडायची, त्यावरून ग्रंथपाल मला बोलायचे. काही वर्षांनी वाचनालयाने जीर्ण कादंबऱ्या रद्दीत काढल्या, तेव्हा मी एक पोते भरून विकत घेतल्या. कित्येकांची पहिली-शेवटची पाने गेलेली, नाव-गाव नसलेली. मी फक्त दुमडलेले कोपरे आणि पेन्सिलच्या खुणा पाहत गेलो. एका वाचनालयाच्या एका पोत्यावरून सिद्धांत मांडता येत नाही, हे मला कळते. पण जे दिसले ते नोंदवतो. खुणा प्रेमप्रसंगांवर कमी होत्या. जिथे कोणीतरी 'चुकलं माझं' म्हणते, जिथे पुरुष बाईला 'तुला काय वाटतं?' असे विचारतो, किंवा जिथे बाई 'मला विचार करायला वेळ हवा' असे म्हणते, तिथे त्या जास्त होत्या. त्या सगळ्या अक्काच्या नव्हत्या. वेगवेगळ्या हातांच्या होत्या.

माझे एक प्राध्यापक मित्र यावर म्हणतात, की हे सांत्वनाचे साहित्य आहे. प्रत्यक्षात जे मिळत नाही ते कागदावर देऊन बाईला गप्प बसवणारे. या आक्षेपात तथ्य आहे. अक्का गप्पच राहिली. पण सांत्वनाचेही दोन प्रकार असतात आणि ते ओळखायला मला कालिदास-भवभूती उपयोगी पडले. हलक्या कादंबरीत पहिला डाव मोडतो तो हरवलेल्या पत्रामुळे, कारस्थानी जावेमुळे, अपघातात गेलेल्या स्मृतीमुळे. ते दुर्वासाचे शापच आहेत. गैरसमज दूर झाला की सगळे निर्दोष! बरी कादंबरी तीच, जिच्यात डाव पात्रांच्या स्वतःच्या वागण्याने मोडलेला असतो आणि पुन्हा मांडायचा तर त्या वागण्याला सामोरे जावे लागते. लोकप्रिय की अभिजात, हा भेद इथे फारसा कामाचा नाही. रद्दीच्या पोत्यात भवभूतीच्या वाटेने गेलेल्या दोन-तीन तरी कादंबऱ्या मला मिळाल्या. त्यांच्या लेखिकांची नावे फाटलेल्या पानांबरोबर गेली.

आज हीच गोष्ट पडद्यावर आली आहे. सतीश राजवाडे यांचा 'प्रेमाची गोष्ट' (२०१३) हा चित्रपट पहिले लग्न मोडलेल्या दोघांचा. झी मराठीवर २०१९ साली 'अग्गंबाई सासूबाई' सुरू झाली, तेव्हा आमच्या गल्लीत रात्री साडेआठला बायका दाराबाहेर दिसेनाशा झाल्या. विधवा आसावरी, तिच्या आयुष्यात आलेले अभिजित राजे, आणि सासूचे लग्न लावून देणारी सून शुभ्रा. मालिकेचे मोठे श्रेय हे, की तिने पन्नाशीच्या बाईला हसू न होऊ देता नवरी केले. मर्यादाही तिथेच आहे. आसावरीची परिपक्वता पुष्कळदा सोसण्यात दाखवली जाते, आणि तिला हवे ते तिच्या तोंडून येण्याआधी सुनेच्या तोंडून येते. तिला स्वतःला मुलापुढे ते उच्चारायला भाग फार लागतात. तरी 'तुम्हाला काय हवं?' असे कोणीतरी तिला विचारते, हे लाखो घरांत ऐकू गेले. अक्का ते बघत असे. तिचा तीन वर्षांचा मुलगा तेव्हा छत्तिशीचा झालेला होता.

८.

एप्रिल २०२२मध्ये आमच्या उदगीरला ९५वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. भारत सासणे अध्यक्ष होते. त्याच दिवसांत विद्रोही संमेलनही इथेच झाले. मी दोन्हीकडे फिरलो, पुस्तकांच्या गाळ्यांतून पिशव्या भरल्या. संमेलन संपून दहा दिवस होतात न होतात तोच, ४ मे २०२२ रोजी कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे थांबवायचे. दोन आठवड्यांत शासनाने इतर ग्रामपंचायतींना तसे करण्याचे आवाहन करणारे परिपत्रक काढले. बातमी वाचून मला आनंद झाला, आणि शरमही वाटली. १८५७च्या 'यमुनापर्यटना'तला प्रश्न २०२२च्या ग्रामसभेत अजून विषय होता.

ठराव बांगड्या वाचवू शकतो. दुसऱ्या डावासाठी आणखी काहीतरी लागते. कोणीतरी विचारावे लागते, आणि ज्यांनी विचारले नाही त्यांनी तसे कबूल करावे लागते. या कथांची ओढ तिथे आहे, असा माझ्या अभ्यासाचा निष्कर्ष आहे. म्हातारपणी जोडीदार हवा, एकटेपण नको, वगैरे कारणे खरी आहेत, पण ती दुय्यम आहेत. आपल्या मोडलेल्या आयुष्याला शाप कारणीभूत नव्हता, माणसे होती, आणि त्यांतले एखादे माणूस अजून समोर येऊन तसे म्हणू शकते, या शक्यतेसाठी वाचक पुन्हा पुन्हा त्या पुस्तकाकडे जातो.

हा लेख लिहून झाला तेव्हा मी अक्काला वाचून दाखवला. ती आता बासष्ट वर्षांची आहे. ओसरीवर सुपात तूर निवडत होती. १९८८च्या बैठकीचा भाग आला तेव्हा मी थांबलो. म्हटले, "अक्का, मी तिथं बसलेलो होतो. वडलांच्या नावावर सगळं ढकलता येईल, पण मी बी बोललो नाही. चुकलं माझं. तवा तुला काय वाटत होतं?"

तिने सुपातला एक खडा उचलून अंगणात टाकला.

"आत्ता इचारलालास व्हय?" ती म्हणाली.

मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने तिने सूप खाली ठेवले, पदराने हात पुसले आणि म्हणाली, "होय म्हणले असते. वाच फुडं."